लोक बघतायत

न्यूयॉर्क राज्यातल्या वॉटकिन्स ग्लेनच्या घळीत रेनबो फॉल्स या धबधब्याच्या आडून एक चिंचोळी वाट जाते. तिथं आई मध्येच थांबली. वरून पाण्याच्या बारीक धारा पडत होत्या. पूर्वी स्वयंपाकघराच्या दाराला मण्यांचे पडदे असायचे ना, तेवढ्याच विरळ. तिनं पर्स काखेत घट्ट धरली, उजवा हात पुढे केला, तळहाताच्या खळग्यात मावेल तेवढं पाणी घेतलं, डोळ्यांना लावलं आणि उरलेलं आधी नातीच्या डोक्यावर शिंपडलं, मग माझ्या. ओठ हलत होते. 'गंगे च यमुने चैव' एवढं मला ऐकू आलं. आमच्या मागे रांग होती. वाट ओली, एका अंगाला पाझरणारा खडक, दुसऱ्या अंगाला दगडी कठडा. मागे छत्री घेतलेलं एक म्हातारं जोडपं, त्यांच्यामागे पाठीवर बाळ बांधलेला एक बाप, त्याच्यामागे आणखी पंधरा-वीस माणसं. मी म्हटलं, "आई, चल ना. लोक बघतायत."

तिनं हात जॅकेटला पुसला. "चला," म्हणाली.

एवढंच घडलं. कुणी काही बोललं नाही, हसलं नाही. उलट त्या छत्रीवाल्या बाई मान तुकवून छान हसल्या होत्या, हे मला रात्री मोटेलच्या खोलीत हीटरची घरघर ऐकत पडल्यावर आठवलं. आई रुसली वगैरे नाही. रुसणाऱ्यांतली ती नाहीच. पुढच्या पायऱ्या चढताना "ही तर जेजुरीच झाली गो" म्हणाली, संध्याकाळी पिझ्झ्यावर घरून आणलेली लसणाची चटणी भुरभुरून दोन तुकडे खाल्ले, मामाला व्हिडिओ कॉलवर रंगीत डोंगर दाखवले. पण त्यानंतर परत येईपर्यंत तिनं कुठल्याच पाण्याला हात लावला नाही. नवऱ्याच्या ते लक्षात आलं नाही, लेकीच्या तर नाहीच. माझ्या आलं, आणि तेव्हापासून ते नखात रुतलेल्या कुसळासारखं टोचतंय.

आमच्या घरी ही रंगलेली पानं बघायची सहल सप्टेंबरातच सुरू होते. न्यूयॉर्क राज्याचं पर्यटन खातं शरदात दर आठवड्याला पानांचा अहवाल काढतं. गावोगावचे स्वयंसेवक आपापल्या भागातली किती टक्के झाडं रंगली ते कळवतात आणि त्यावरून नकाशा रंगवला जातो. 'आत्ताच सुरू', 'निम्म्यावर', 'पीकच्या जवळ', 'पीक' म्हणजे रंगाचा ऐन बहर, आणि मग तो जिवाला घोर लावणारा 'पास्ट पीक'. नवरा हा नकाशा शेअर बाजार बघावा तसा बघतो. आमच्या न्यू जर्सीतल्या एडिसनच्या इंडियन ग्रोसरीत कोथिंबिरीच्या जुड्या उलट्यापालट्या करताना बायका एकमेकींना विचारतात, "तुमचा पीक मिळाला का?" मागच्या वर्षी आम्ही पोचायच्या आदल्या दिवशी वादळी पाऊस झाला होता. सगळा रंग रस्त्यावर आणि झाडांचे नुसते खराटे. तेव्हा यंदा आई आलेली असताना चूक परवडणार नव्हती. मोटेलचे दर उन्हाळ्याच्या जवळजवळ दुप्पट, तेही आम्ही मुकाट्यानं भरले. आईला हा सगळा आटापिटा समजावून सांगितला तेव्हा ती म्हणाली, "म्हणजे दूध वर येतंय तोवर गॅसपाशी उभं राहायचं." तिला वाटलं एवढ्यावर विषय संपला.

पहाटे सहाला निघालो. मागच्या सीटवर आई आणि नात, मध्ये तिखटमिठाच्या पुऱ्यांचा डबा आणि चहाचा थर्मास. डेलावेअर नदीची खिंड ओलांडून पोकोनोच्या टेकड्यांत शिरेपर्यंत उन्हं वर आली आणि रंग दिसायला लागले. मला वाटलं होतं ती 'अय्या' म्हणेल, थक्क होईल, मी तिला हे दाखवलं याचं मला जरासं मोठेपण मिळेल. तसं काही झालं नाही. ती साडीच्या दुकानात गादीवर बसल्यासारखी रंग निवडायला लागली. हा शेंदरी. तो आमसुली. तो पलीकडचा डाळिंबी, पण विटलेला. हळदी पुष्कळ आहे. मोतिया आहे. राणी कलर नाही बाई कुठं. स्क्रँटन गेलं, बिंगहॅमटन गेलं, हिचं चालूच. लेकीला खेळ मिळाला, तीही "आजी, दॅट वन?" करत सुटली. दोन तासांत माझी आठ वर्षांची अमेरिकन पोरगी आमसुली आणि डाळिंबीतला फरक सांगायला लागली, जो तिच्या बापाला अजून कळत नाही. चिंतामणी रंग तेवढा सापडत नव्हता. तो थेट इथाकाच्या पुढे, कायुगा तलावात मिळाला.

या ऋतूला मराठीत काय म्हणायचं, हे इतकी वर्षं इथं राहून मला ठरवता आलेलं नाही. शब्दकोश शरद म्हणतो. पण शरद म्हणजे कोजागरीचं आटीव दूध, चांदण्यात गच्चीवर अंथरलेल्या सतरंज्या, कापणीला आलेलं भात, आणि दुपारी मानेवरून ओघळणारा ऑक्टोबरचा घाम. आपल्याकडे पानं गळतात ती शिशिरात, आणि कुणी ती बघायला हॉटेल बुक करत नाही. गाडीत मी आईला सगळी हकीकत सांगितली. दिवस लहान झाले की झाड हरितद्रव्य बनवणं थांबवतं, होतं ते मोडून टाकतं. पिवळा रंग पानात उन्हाळाभर असतोच, हिरव्याखाली झाकलेला. लाल मात्र नव्यानं तयार होतो. देठाशी बुचासारखा थर धरायला लागतो, पानातली साखर पानातच अडकते आणि तिच्यापासून हा लाल बनतो. दिवसा लख्ख ऊन आणि रात्री गारठा, पण हिम नाही, असं जमलं तर मेपल असा पेटतो. आईनं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "आपला शाळेतला बदाम होतोच की लाल." मी गप्प झाले. खरंच, आमच्या शाळेच्या पटांगणात देशी बदामाची दोन झाडं होती, त्यांची ताटलीएवढी लालभडक पानं आम्ही भातुकलीत पत्रावळी म्हणून मांडायचो. ती 'फॉल कलर' आहेत हे माझ्या डोक्यात कधी आलंच नव्हतं. "आणि कुसुंब तर येतानाच लाल येतो," ती पुढे म्हणाली, "फाल्गुनात बघ, आख्खं झाड लाल, लोकांना वाटतं फुलं आली." घरी आल्यावर मी शोधलं. जाणाऱ्या मेपलचा लाल आणि येणाऱ्या कोवळ्या पालवीचा लाल, दोन्हीकडे अँथोसायनिन हेच रंगद्रव्य.

तिला हे सांगायचं राहून गेलंय.

टगॅनॉकचा धबधबा २१५ फूट उंच. नायगारापेक्षा ३३ फुटांनी उंच, हे इथला प्रत्येक फलक आणि आमच्या ओळखीतला प्रत्येक माणूस सांगतो. धबधब्याच्या पायथ्यापर्यंत पाऊण मैलाची सपाट वाट आहे, दोन्ही अंगांना उभे कातळ, त्यांच्या माथ्यावर मेपल आणि ओक. हवेत ओल्या पानांचा थोडा आंबूस, थोडा गोडसर वास. चिंचेच्या कोळात गूळ घातल्यावर पहिल्या क्षणी येतो ना, त्याच्या जवळ जाणारा. आणि टोकाला धबधबा. ऑक्टोबरातला धबधबा म्हणजे त्या अवाढव्य कातळावरून उतरणारी पांढरी दोरी. उन्हाळा कोरडा गेलेला. नवऱ्याचा चेहरा पडला. तो पुण्याचा, त्याच्या हिशोबात धबधबा म्हणजे जुलैतला ताम्हिणी घाट: धुकं, गाड्यांची रांग, भाजलेलं कणीस आणि अंगावर येणारं पाणी. "मे महिन्यात यायला हवं होतं," तो म्हणाला, "बर्फ वितळल्यावर." त्याचंही खरंच आहे. इथं पाण्याचा हंगाम एक आणि रंगाचा दुसरा, आणि आपण एकाच तिकिटात दोन्ही मागतो. आई मात्र त्या दोरीकडे बघत शांत उभी होती. "मार्लेश्वराला संक्रांतीत एवढंच असतं," म्हणाली.

आम्ही देवरुखचे. मार्लेश्वर आमच्यापासून जवळ, आणि माझ्या आठवणीत तो धबधबा कधी 'बघायला' गेल्याचं आठवत नाही. जायचं ते देवाला. मकरसंक्रांतीच्या यात्रेत मार्लेश्वराचं साखरप्याच्या गिरिजादेवीशी लग्न लागतं. आम्ही देवाघरच्या लग्नाला आल्यासारखे नवे कपडे घालून एसटीतून उतरायचो. पायऱ्या, गर्दी, नारळ, उदबत्त्या, गुहेतला तो काळोख आणि गारवा, आणि कपारीत नाग असतात म्हणून मुठीत धरलेला आईचा पदर. बाहेर आलं की समोर धारेश्वर धबधबा. तो देवळाचाच भाग, जशी दीपमाळ असते, तुळशीवृंदावन असतं. त्याच्याकडे पाठ करून फोटो काढायची कल्पनाच नव्हती, आणि कॅमेराही नव्हता म्हणा. खाली पाण्यापाशी उतरायचं, आई वाकून पाणी घ्यायची, आधी स्वतःच्या डोळ्यांना, मग आम्हा भावंडांच्या डोक्यांवर. थंडीत ते पाणी मानेतून पाठीत उतरलं की आम्ही किंचाळायचो. तेव्हा तिथंही लोक होते. शेकडो होते. सगळे तेच करत होते, त्यामुळे बघत कुणीच नव्हतं.

'लोक बघतायत' हे वाक्य मुळात माझं नाहीच. ते तिचं. सहा-सात वर्षांची असेन, देवरुखच्या एसटी स्टँडवर मी गारेगारसाठी जमिनीवर लोळण घेतली होती. अंगावर यात्रेचाच नवा फ्रॉक, खाली धूळ, विडीची थोटकं आणि शेंगांची टरफलं. आई ओरडली नाही, मारलं नाही. वाकून दातांच्या फटीतून एवढंच म्हणाली, "अगो ऊठ, लोक बघतायत." त्या वेळी मी मान वळवून खरंच बघितलं होतं, कोण बघतंय ते. एक कंडक्टर तंबाखू मळत होता. पुढे मग हे वाक्य माझ्या वयाबरोबर वाढत गेलं. हसताना, सायकल चालवताना, कॉलेजात मोठ्यानं बोलताना, लग्नात जेवणाच्या पंगतीत दुसऱ्यांदा जिलबी मागताना. मी अमेरिकेला आले तेव्हा मनातल्या मनात खूश होते की आता सात समुद्रापलीकडे ते बघणारे लोक नसतील. झालं भलतंच. तिथले राहिले तिथं, इथले नवे मिळाले, आणि त्यांना काय आवडेल याचा अंदाज मला आईपेक्षाही जास्त येतो, असं मी धरून चालले.

आता तो प्रसंग पुन्हा मांडून बघते. वॉटकिन्स ग्लेन म्हणजे दोनेक मैलांची घळ, १९ धबधबे, ८३२ पायऱ्या. दगड म्हणजे एका प्राचीन समुद्राच्या तळाचा गाळ, कोट्यवधी वर्षं दाबून थरावर थर बसलेला. बोटानं मोजावेत असे पातळ थर, एखाद्या जुन्या खतावणीच्या पानांसारखे. बर्फयुगातल्या हिमनद्यांनी शेजारची दरी खोल कोरली, बर्फ मागे हटलं आणि हा ओढा वर लटकत राहिला. गेली सुमारे १२,००० वर्षं तो आपली वाट खाली घासत आलाय. १९३५ च्या जुलैत इथं महापूर आला, जुन्या पायवाटा वाहून गेल्या, मग मंदीच्या काळात सरकारनं कामाला लावलेल्या तरुणांनी दगडाचे हे कठडे आणि पूल बांधले. हे सगळं मी आईला उत्साहानं वाचून दाखवत होते. पाण्यात उतरू नये, असे फलकही होते, आणि प्रसंगानंतर माझ्या मनानं लगेच त्यांचा आधार घेतला. पण ती पाण्यात उतरली कुठं होती? पाणी आपण होऊन सगळ्यांच्याच डोक्यावर पडत होतं. आणि मुख्य म्हणजे, आमच्या पुढे पाचच मिनिटं आधी एक कॉलेजातली मुलगी त्याच जागी मान मागे टाकून, आ वासून, धार तोंडात घेत होती. तिचा मित्र व्हिडिओ काढत होता. रांग तेव्हाही थांबली होती. तेव्हा मी हसले होते, मनापासून. किती मोकळी आहेत ही पोरं, असं नवऱ्याला म्हटलंही होतं.

दुसऱ्या दिवशी लेचवर्थ. जेनेसी नदी तिथं खोल दरीतून वाहते, एकामागे एक तीन धबधबे. इथं पाणी होतं, भरपूर. नवरा खुलला. लेचवर्थ नावाच्या एका धनिकानं १८५९ पासून इथं जमीन घेतली आणि १९०६ मध्ये ती राज्याला देऊन टाकली, त्याच्या नावानं हे उद्यान. त्याच्या आधी हा मुलूख सेनेका या इथल्या मूळ रहिवाशांचा, हे एका फलकावर होतं. त्या फलकापाशी फार कुणी थांबत नव्हतं. आई थांबली, पण इंग्रजी लांबलचक होतं आणि मीही सगळं सांगितलं नाही. वरच्या धबधब्यावरून रेल्वेचा पूल जातो. आम्ही असतानाच मालगाडी आली आणि नात डबे मोजत राहिली. मग मधला धबधबा, १०७ फूट, कठड्यापासून हाकेच्या अंतरावर. वारा आमच्याकडे वळला की तुषारांचा लोट वर यायचा, चष्मे पांढरे व्हायचे, लोक 'वूऽऽ' करून मागे सरायचे आणि पुन्हा पुढे यायचे. आई मागे सरली नाही. माझ्या जुन्या जांभळ्या जॅकेटच्या खिशात दोन्ही हात घालून, डोळे मिटून उभी राहिली. चेहरा सगळा ओला. मी वाट बघत होते, खरं सांगते, तिनं हात बाहेर काढावा म्हणून. मी काही बोलावं, हेही सुचत होतं, पण 'आई, पाणी लाव ना डोळ्यांना' असं कसं म्हणणार? परवानगी दिल्यासारखं झालं असतं. तिनं डोळे उघडले, कठड्यावरून वाकून खाली बघितलं.

"इथं पाण्याला हात पोचत नाही ना?"

"नाही. फार खाली आहे."

"बरं झालं," ती म्हणाली आणि पुऱ्यांचा डबा कुठाय, असं विचारलं.

परतीचे पाच तास ती झोपली. वाटेत एका शेतकऱ्याच्या टपरीवर रचलेले लाल भोपळे बघून तेवढी जागी झाली. घरोघरी पायऱ्यांवर मांडलेले भोपळे हे तिचं आल्यापासूनचं दुःख, 'एवढे घारगे वाया चाललेत' म्हणून. एक घेतला. तो निघाला हॅलोविनला मुखवटे कोरायचा, नुसता पाणचट आणि दोरे दोरे. घारगे बिघडले. गुळाला तिनं दोष दिला.

पानांचं कौतुक अशा रीतीनं आठ दिवसांत उतरलं, आणि मग खरं काम सुरू झालं. आमच्या दारातला मेपल आणि मागचे दोन ओक यांनी अंगणात घोट्याएवढा थर घातला. कोकणात आम्ही याला पातेरा म्हणतो. आई रोज सकाळी साडीवर जॅकेट आणि पायात बूट चढवून दाताळं घेऊन बाहेर. हिरांचा खराटा हवा होता, हे दाताळं म्हणजे केस विंचरल्यासारखं, असं तिचं मत. न्यू जर्सीत पाचोळा जाळायला बंदी आहे, कागदी पिशव्यांत भरून फुटपाथशी ठेवायचा, गाडी येऊन नेते, हे ऐकून ती हताश झाली. "यात आख्खी भाजावळ झाली असती. निदान बंबाला तरी." मग तिनं पिशव्या दाबून दाबून भरायला घेतल्या, लोणच्याची बरणी भरावी तशा, मध्ये पोकळी राहता कामा नये. शनिवारी मीही गेले. उकरून उकरून आम्ही कंबरेएवढा ढीग केला. लेक लांबून धावत आली आणि धाडकन त्यात पडली. मग तिनं माझा हात ओढला. मी चव्वेचाळीस वर्षांची, गुडघ्याचं दुखणं आहे, आणि अंगावर घरातली विजार. पडले. वरून पानं खाली आली, तोंडात गेली, कानात गेली, खालचा थर ओला निघाला आणि गारवा मानेतून थेट पाठीत उतरला. मी किंचाळले. बहुतेक बऱ्यापैकी मोठ्यानं.

आई दाताळं टेकून उभी होती.

"अगो ऊठ," ती म्हणाली. "लोक बघतायत."

मी पडल्या पडल्या मान वळवून बघितलं. समोरच्या घराच्या खिडकीत त्यांचा कुत्रा होता.